अ‍ॅप म्हणतं मुलगा ‘नॉर्मल’, मुलगी ‘अतिकृश’: मुलांचा बीएमआय वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, उंची १३६ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. मुलगी साडेपाच वर्षांची, उंची ११० सेंटिमीटर, वजन १७ किलो. आईने मोबाइलवरच्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे घातले. मुलाचा बीएमआय आला १९.५ आणि खाली हिरव्या रंगात ‘नॉर्मल’. मुलीचा आला १४ आणि खाली लाल अक्षरांत ‘अतिशय कमी वजन’. मुलाच्या शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर मात्र ‘वजन जास्त’ असा शेरा आहे. आजीचं म्हणणं, मुलगा अंगाने भरलेला आहे, उंची घेतली की आपोआप ठीक होईल. मुलीचं खाल्लेलं काही अंगी लागत नाही. आता तिच्यामागे दिवसभर ताट घेऊन फिरणं चालू आहे.

ताई, आधी निकाल सांगतो. शाळेचं कार्ड बरोबर आहे आणि अ‍ॅप दोन्ही मुलांच्या बाबतीत चुकलं आहे. तुम्ही दिलेली मापं नीट घेतलेली असतील, तर तुमची मुलगी तिच्या वयाच्या मानाने अगदी व्यवस्थित आहे. लक्ष द्यायला हवं ते मुलाकडे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि त्याला ‘डाएट’वर तर मुळीच ठेवायचं नाही.

अ‍ॅप चुकलं कारण ते मोठ्या माणसांसाठी बनवलेलं आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे गणित सगळ्यांना सारखंच. पण आलेल्या आकड्याचा अर्थ मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दुसरा. १८.५ च्या खाली कमी वजन आणि २५ च्या वर जास्त वजन, या मर्यादा ज्यांची उंची वाढायची थांबली आहे अशा माणसांच्या आहेत. मुलाची उंची आणि वजन दोन्ही वाढत असतात आणि दोघांचा वेग सारखा नसतो. त्यामुळे निरोगी मुलाचा बीएमआयसुद्धा वयाप्रमाणे चढत-उतरत राहतो.

तो चढ-उतार कसा असतो, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांतल्या मुलग्यांच्या मधल्या रेषेवरून (निम्मी मुलं हिच्या वर, निम्मी खाली) सांगतो. जन्मतः बीएमआय साधारण १३.४ असतो. सहा महिन्यांच्या आसपास तो १७ च्या वर जातो; गालांना खळ्या आणि मांड्यांना वळ्या पडलेल्या असतात तो हाच काळ. मग मूल चालायला-पळायला लागतं, बाळसं उतरतं आणि बीएमआय खाली येऊ लागतो. पाच-सहा वर्षांच्या सुमारास तो १५ च्या थोडा वर, म्हणजे तान्हेपणानंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला असतो. तिथून पुन्हा चढ लागतो: दहाव्या वर्षी १६.४, पंधराव्या वर्षी २० च्या जवळ, एकोणिसाव्या वर्षी २२. मुलींची रेषाही थोड्याफार फरकाने अशीच जाते.

तुमची मुलगी नेमकी त्या तळाशी आहे. या वयाची मुलं बारीकच दिसतात. हातपाय लांब, बरगड्या मोजता येतील अशा. नेमकं याच वयात घरातली मोठी माणसं काळजीने हात धुवून मुलांच्या मागे लागतात. कारण डोळ्यांसमोर अजून एक वर्षाचं गुटगुटीत बाळ असतं. साडेपाच वर्षांच्या मुलीला १४ हा बीएमआय आपल्या भारतीय तक्त्यात सर्वसाधारण पट्ट्यात बसतो. तोच १४ सतरा वर्षांच्या मुलीचा असता, तर मी तिला त्याच दिवशी तपासायला बोलावलं असतं. म्हणून वय आणि मुलगा की मुलगी हे न विचारता नुसता आकडा देणाऱ्या कोणत्याही कॅल्क्युलेटरवर मुलाचा निकाल ठरवू नका.

पाच-सहा वर्षांनंतर सुरू होणारा हा चढ फार महत्त्वाचा आहे. काही मुलांत तो लवकर, चौथ्या वर्षीच किंवा त्याआधी सुरू होतो. बाळसं उतरायच्या आतच पुन्हा अंग भरू लागतं. अशा मुलांमध्ये पुढे स्थूलता येण्याची शक्यता जास्त असते. चार वर्षांच्या मुलाबद्दल ‘छान अंग धरलंय’ असं सगळे म्हणू लागतात, तेव्हा मी त्याची मागची वजनं-उंच्या काढून बघतो.

आता तक्ता कोणता वापरायचा? पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते. ते सहा देशांतल्या चांगलं पोषण मिळालेल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून बनवले आहेत आणि त्या सहांत दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. म्हणून ‘हे परदेशी तक्ते, आपल्याला कसे लागू होतील’ हा आक्षेप त्यांना लागू पडत नाही. पाच ते अठरा वर्षांसाठी आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ चे तक्ते वापरतात. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं मोठं काम आहे. या तक्त्यात मुलग्यांचा आणि मुलींचा आलेख वेगळा आहे. तळाशी तिसऱ्या पर्सेंटाइलची रेषा आहे, म्हणजे शंभरातली फक्त तीन मुलं तिच्याखाली असतात. वरच्या बाजूला दोन खास रेषा आहेत, २३ ची आणि २७ ची. या रेषांवर नऊ वर्षांच्या मुलाचा बीएमआय २३ किंवा २७ असतो असं नाही. याच रेषेला धरून मूल वाढत राहिलं, तर मोठेपणी त्याचा बीएमआय २३ किंवा २७ होईल, असा त्यांचा अर्थ. पहिली ओलांडली की वजन जास्त, दुसरी ओलांडली की स्थूल.

मोठ्यांसाठी जगभर २५ आणि ३० या मर्यादा चालत असताना आपल्या मुलांना २३ आणि २७ का लावायच्या? हा प्रश्न मला बरेच सुशिक्षित आईवडील विचारतात आणि त्याचं उत्तर मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. बीएमआयला चरबी दिसत नाही. त्याला फक्त वजन आणि उंची कळते. त्या वजनात हाड किती, स्नायू किती, चरबी किती हे त्याला सांगता येत नाही. आपल्या लोकांचं शरीर असं आहे की त्याच बीएमआयला आपल्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार स्पष्ट दाखवून दिलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत होती, पण कातडीखालची चरबी मापली तेव्हा ती वजनाच्या मानाने मुळीच कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक पण आतून चरबीदार, अशी ही ठेवण जन्मापासूनच असते.

मोठेपणीचं उदाहरण तर त्यांनी स्वतःचंच दिलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या घराघरांत चाळिशीच्या आत मधुमेह का दिसतो, त्याचं एक मूळ इथे आहे. म्हणून आपल्या मुलांसाठी धोक्याची रेषा खाली ओढावी लागली. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी पालकांनीही हे लक्षात ठेवावं. तिथल्या तक्त्यावर मूल कडेला पण सुरक्षित दिसलं, तरी घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

यावरूनच तुम्हाला एक विचारतो. मुलाचं जन्माचं वजन तुम्ही कळवलेलं नाही. दवाखान्याच्या जुन्या फाइलमध्ये किंवा लसीकरणाच्या कार्डावर ते मिळेल. अडीच किलोच्या खाली असेल आणि आज तो असा भरलेला असेल, तर माझी काळजी थोडी वाढेल. जन्मतः लहान आणि नंतर झपाट्याने वजन वाढलेली मुलं पुढे साखर आणि रक्तदाबाच्या बाबतीत जास्त नाजूक असतात.

निष्कर्षाकडे जाण्याआधी मापं पुन्हा घ्या. गणितात उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे उंचीतली छोटी चूकही आकडा बराच हलवते. तुमच्या मुलाची उंची १३६ ऐवजी १३४ धरली, तर बीएमआय १९.५ वरून थेट २० वर जातो. बूट-मोजे काढायचे, मुलींचा अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडायची. टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याचं जाड पुस्तक किंवा फळी आडवी दाबून धरायची, भिंतीवर खूण करायची आणि टेपने मोजायचं. वजन हलक्या कपड्यांत, शक्यतो सकाळी लघवी करून आल्यावर, आणि दर वेळी त्याच काट्यावर. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून घेतात. ती उभ्याने घेतलेल्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

आणि उंची फक्त भागाकारापुरती वापरून सोडून देऊ नका. बीएमआयवर सगळी भिस्त ठेवली की हीच गोष्ट नजरेतून सुटते. समजा आठ वर्षांचा एक मुलगा १०९ सेंटिमीटर उंच आणि १८ किलोचा आहे. बीएमआय १५.२, तक्त्यात छान मधल्या पट्ट्यात. पण त्याची उंची त्या वयाच्या मानाने फारच कमी आहे. वजन आणि उंची दोन्ही खुंटल्यामुळे भागाकार बरोबर दिसतो. असं मूल निरोगी आहे असं बीएमआय सांगेल आणि आपण फसू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. म्हणून आमच्याकडे उंचीचा आलेख आधी आणि बीएमआयचा नंतर बघायची पद्धत आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर अंगणवाडीत वयाप्रमाणे वजन, उंचीप्रमाणे वजन आणि दंडाचा घेर हीच मापं जास्त कामाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण. तिथे बीएमआयची वाट बघत बसायचं नाही.

जाड मुलांतही उंचीच खरी वाटाड्या आहे. जास्त खाणं आणि कमी हालचाल यांमुळे वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. तुमचा मुलगाही भारतीय सरासरीपेक्षा थोडा उंचच भरतो, ही चांगली खूण आहे. ‘थायरॉइडची तपासणी करू का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक पालक विचारतो. वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबली आहे, असं दिसलं तर थायरॉइड आणि इतर हार्मोन्स तपासायला हवीतच, आणि लवकर. दमा किंवा त्वचेसाठी स्टिरॉइडची औषधं दीर्घकाळ चालू असतील तर तेही सांगायला हवं. उंची नीट वाढत असेल तर हार्मोनचा आजार निघण्याची शक्यता फार थोडी.

आता मुलाचं काय करायचं. त्याचा १९.५ हा आकडा साडेनऊव्या वर्षी २३ च्या रेषेच्या वर आणि २७ च्या रेषेच्या खाली पडतो. ‘उंची घेतली की ठीक होईल’ हे आजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. उंची वाढेल, पण वजन त्याच वेगाने वाढत राहिलं तर काहीच ठीक होणार नाही. हिशोब करून बघा. या वयात वर्षाला पाच-साडेपाच सेंटिमीटर उंची वाढते. पुढच्या वर्षी तो १४१.५ सेंटिमीटरचा झाला आणि वजन ३६ वरच राहिलं, तर बीएमआय १८ होतो. वजन दोन किलोने वाढून ३८ झालं तरी १९, म्हणजे आजच्यापेक्षा कमी, आणि तेही वय एक वर्षाने वाढलेलं असताना. म्हणजे या मुलाला एक किलोही कमी करायची गरज नाही. वाढीचा वेग थोडा आवरला की पुरे. म्हणूनच उपाशी ठेवणं, रात्रीचं जेवण बंद करणं, भात-पोळी तोडणं हे सगळं चुकीचं आहे. वाढत्या मुलाचं वजन जबरदस्तीने उतरवलं तर उंचीही मार खाते.

वेग आवरायचा कुठे, ते तुमच्या घराचा दिवस बघून ठरवावं लागेल. पण मला बहुतेक घरांत त्याच त्याच जागा सापडतात. जेवणाच्या ताटात फारसं काही चुकत नसतं. भाजी, भाकरी किंवा पोळी, वरण-भात, उसळ, ताक, कधी अंडं किंवा मासे, यावर कुठलंही मूल सहजासहजी जाड होत नाही. जाडी येते ती दोन जेवणांच्या मधल्या खाण्यातून: शाळेतून आल्यावर बिस्किटांचा पुडा, क्लासला जाताना वेफर्स, टीव्हीसमोर फरसाण, साखर आणि चॉकलेट पावडर घातलेले दुधाचे तीन-तीन कप, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून मागवलेलं काहीतरी. दूध दिवसाला दोन कप पुरे, आणि शक्यतो बिनसाखरेचं. तहान लागली की पाणीच द्या; सरबत किंवा पाकिटातला ज्यूस नको. संध्याकाळच्या भुकेला पोटभरीचं काहीतरी द्या, थालीपीठ, पोहे, उकडलेले शेंगदाणे-चणे, फळ. भूक खरी असते, तिला बिस्किटाने उत्तर दिलं की अर्ध्या तासात ती परत येते.

हे नियम फक्त मुलाला लावू नका. भावाला चणे आणि बहिणीला ‘अंग धरावं म्हणून’ केक, असं झालं की मुलगा चोरून खायला शिकेल आणि मुलीलाही वाईट सवय लागेल. घरात जे येईल ते सगळ्यांसाठी, जे येणार नाही तेही सगळ्यांसाठी, बाबांच्या चकल्यांसकट.

रोज किमान तासभर घाम येईल असं खेळणं आणि नऊ तासांपेक्षा कमी नाही इतकी झोप, या दोन गोष्टी आहाराइतक्याच तोलाच्या आहेत. झोप कमी झाली की भूक वाढते. रात्री मोबाइल काढून घ्या म्हणतो ते फक्त डोळ्यांसाठी नाही.

त्याला घरात कोणी ‘जाड्या’, ‘ढोल्या’ म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा, लाडाने म्हणत असतील तरीही. असं ऐकून मूल बारीक होत नाही. ते खेळाच्या मैदानावर जायचं टाळतं आणि एकटं बसून खातं.

त्याच्या बाबतीत आणखी चार गोष्टी तुम्ही घरीच बघू शकता. मानेच्या मागे आणि काखेत काळी, मखमलीसारखी जाड कातडी दिसते का? घासून न जाणारा तो काळेपणा मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडू लागल्याची ती खूण असू शकते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे का, त्याच्यासाठी ६८ सेंटिमीटरपेक्षा जास्त? झोपेत तो जोरात घोरतो का, मध्येच श्वास अडकतो का? आणि आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणाला मधुमेह आहे का? यातली एखादी जरी गोष्ट ‘हो’ असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून रक्तदाब बघून घ्या. रक्ताच्या कोणत्या तपासण्या हव्यात ते डॉक्टर सांगतील. सगळ्याच उत्तरांना ‘नाही’ असेल, तर आत्ता सुया टोचायची घाई नको.

मुलीच्या बाबतीत माझी एकच विनंती आहे: ताट घेऊन मागे फिरणं थांबवा. जेवणात काय असेल ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या. या वयात वर्षाला साधारण दोन किलो वजन आणि सहा सेंटिमीटर उंची वाढली की काम झालं. पोट भरल्यावर भरवत राहिलं की मुलाला स्वतःच्या भुकेचा अंदाज राहत नाही, आणि नऊ-दहाव्या वर्षी तिच्याबद्दलही भावासारखाच प्रश्न विचारायची वेळ येते. तिचं वजन सहा महिन्यांत अजिबात वाढलं नाही, आधी ती ज्या रेषेजवळ होती तिच्यापासून ठळकपणे खाली घसरली, पांढरीफटक दिसू लागली, वारंवार जुलाब होऊ लागले, किंवा खोकला-ताप दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला, तर मात्र लगेच दाखवा. टॉनिकच्या बाटल्या मात्र आपल्या मनाने आणू नका.

एक गोष्ट पुढच्या काही वर्षांसाठी सांगून ठेवतो. वयात येताना मुलींच्या अंगावर, मांड्या-नितंबांवर चरबी येतेच. ती यायलाच हवी. मुलांचे स्नायू वाढतात, पण ते मुलींच्या साधारण दोन वर्षं नंतर. या काळात बीएमआय भराभर चढतो. तेराव्या वर्षी आरशासमोर उभं राहून जेवण सोडणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहतो, आणि त्यांच्यापैकी अनेकींचा बीएमआय अगदी योग्य असतो. तेव्हा तक्ता त्यांनाच दाखवावा, रेषा कशी वर जाते ते समजावून सांगावं. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्या पीळदार मुलाचा आकडा वरच्या रेषेला लागला, तर त्याला स्थूल म्हणण्याआधी त्याच्या कमरेकडे बघावं.

एका दिवसाच्या मापावरून मी कुठल्याच मुलाबद्दल शेवटचं सांगत नाही. तुमच्या दोघांची लसीकरणाची कार्डं, शाळेची कार्डं, जिथे जिथे तारीख, वजन आणि उंची लिहिलेली असेल ते सगळं गोळा करा आणि बालरोगतज्ज्ञांकडून आयएपीच्या तक्त्यावर ठिपके भरून घ्या. मुलगा चौथ्या-पाचव्या वर्षापासूनच वरच्या रेषेला धरून आहे, की गेल्या दीड-दोन वर्षांत दोन रेषा ओलांडून वर आला आहे, हे त्यावरून कळेल. दुसरी गोष्ट असेल तर त्या काळात घरात काय बदललं ते आठवा: शाळा, क्लास, मैदान सुटणं, एखादं औषध, की घरातला काही ताण. मुलाची मापं दर तीन महिन्यांनी घ्या, मुलीची सहा महिन्यांनी. त्याहून जास्त वेळा काट्यावर उभं करू नका, रोज तर नाहीच.